द्रव्य आणि परिमाण: घराच्या उघड्या भुईचा धर्मविचार

नव्या घराच्या गच्चीवर, ओट्यावर किंवा मागच्या अंगणात पायाखाली कोणते द्रव्य असावे, हा प्रश्न वरवर पाहता गवंडी, सुतार आणि घरमालक यांनी दर आणि टिकाऊपणा पाहून सोडवावा असा आहे. परंतु त्याला 'पर्यावरणपूरक' हे विशेषण जोडले गेले की तो व्यवहाराच्या कक्षेत मावत नाही. या विशेषणात एक नैतिक दावा दडलेला असतो, तो असा की अमुक द्रव्य वापरल्याने कोणाची तरी हानी कमी होते. ही हानी कोणाची, ती कोणी केली असे मानायचे आणि ती कशासाठी केली म्हणजे क्षम्य ठरते, हे तीनही प्रश्न भारतीय विचारपरंपरेने हिंसेच्या मीमांसेत शतकानुशतके हाताळलेले आहेत. आणि गृहस्थाच्या उंबरठ्यापर्यंत, त्याच्या चुलीपर्यंत आणि अंगणापर्यंत ते जितक्या बारकाईने जैन श्रावकाचाराने नेले तितके अन्य शास्त्रांनी क्वचितच नेले असतील. श्रावकाचार म्हणजे संन्यास न घेतलेल्या जैन गृहस्थाने, म्हणजे श्रावकाने, कसे वागावे याचे शास्त्र.

येथे विचार सोलापुरातल्या घरांचा आहे, आणि सोलापूरच्या संदर्भात या शास्त्राचा आधार घेणे केवळ सोयीचे नाही, त्याला स्थानिक कारणही आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या येथील जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमाला चालवली. तिच्यात आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली 'तिलोयपण्णत्ती' या प्राकृत ग्रंथाचा पहिला भाग १९४३ साली आणि कृष्णकांत हंदिकी यांचा 'यशस्तिलक' या चंपूकाव्यावरील इंग्रजी अभ्यास १९४९ साली प्रसिद्ध झाला, तर पुढे निरनिराळ्या आचार्यांचे श्रावकाचार एकत्र करणारा संग्रहही निघाला. 'तिलोयपण्णत्ती' तिन्ही लोकांची मोजमापे देते, श्रावकाचार एका घराची. आणि प्रस्तुत प्रश्नाला दुसरी मोजणी अधिक उपयोगी आहे.

आधी द्रव्यांकडे पाहिले पाहिजे. सोलापूर दख्खनच्या लाव्हापठारावर वसले आहे. जमिनीखाली काळा बेसाल्ट, वर माळरान आणि अवर्षण, आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्याची कीर्ती ज्यामुळे झाली ते गवताळ प्रदेशच या भूमीचे नैसर्गिक रूप असल्यामुळे इमारती लाकडाचे जंगल येथे कधी नव्हतेच. वाड्यांचे सागवान बाहेरून आले; शेतकऱ्याने औतासाठी, गाडीसाठी आणि आढ्यासाठी बाभूळ आणि कडुनिंब वापरला. शहाबादी फरशी, म्हणजे भीमा खोऱ्यातील निळसर-करडा, थराथराने सुटणारा चुनखडीचा दगड, ही शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येते; १८७१ पर्यंत रायचूरला पोहोचलेला लोहमार्ग याच पट्ट्यातून गेल्यामुळे ती सोलापुरात घरोघरी पसरली. अलीकडे बंगल्यांच्या आणि सदनिकांच्या आराखड्यांत 'डेक' आला आहे, म्हणजे उघड्यावर चौकट मांडून तिच्यावर फटी ठेवून बसवलेल्या फळ्यांची बैठक. त्यासाठी आयात सागवान, उष्णतेची किंवा रसायनांची प्रक्रिया केलेले मऊ लाकूड, दाबून घट्ट केलेला बांबू आणि डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र वितळवून काढलेली फळी, असे पर्याय दाखवले जातात. यांपैकी बहुतेकांवर हिरव्या पानाचे चित्र असते.

या पर्यायांत निवड करताना आधुनिक मन साधारणपणे दोन सहजभावांमध्ये हेलकावे खाते. एक असा की झाड जिवंत होते म्हणून लाकूड घेणे क्रूर आणि दगड निर्जीव म्हणून तो निर्दोष. दुसरा, थोड्या वाचनानंतर येणारा, असा की झाड पुन्हा उगवते, त्याच्या कोरड्या वजनाचा सुमारे निम्मा भाग हवेतून घेतलेला कार्बन असतो, म्हणून लाकूडच श्रेयस्कर. जैन जीवविचार दोन्ही सहजभावांना खीळ घालतो. त्याच्या मते संसारी जीव स्थावर आणि त्रस अशा दोन वर्गांत पडतात. स्थावर म्हणजे केवळ स्पर्शाचे एकच इंद्रिय असलेले जीव, आणि त्यांत वनस्पती ज्यांची काया आहे त्यांच्याबरोबरच पृथ्वी, जल, अग्नी आणि वायू हीच ज्यांची काया आहे असेही जीव येतात. त्रस म्हणजे दोन ते पाच इंद्रियांचे, हालचाल करणारे जीव. या मांडणीत खाणीतील न फोडलेली शिळा आणि रानातला उभा साग यांचा दर्जा एकच ठरतो. 'दगड निर्जीव' हे वाक्य येथे उच्चारताच येत नाही, आणि 'लाकूड पुन्हा उगवते' हे खरे असले तरी उगवणारा जीव दुसरा असतो, तोडला गेलेला नव्हे, एवढी आठवण हे शास्त्र देते.

यावर ग्राहकाकडे एक सोपे उत्तर तयार असते. खाणीतून सुटलेला, घासलेला दगड किंवा चिरलेली, वाळलेली फळी ही शास्त्राच्याच भाषेत अचित्त, म्हणजे जीवरहित झालेली असते. दुकानातून ती उचलणाऱ्याने कोणाचा जीव घेतला? या पळवाटेची तरतूद शास्त्राने आधीच केलेली आहे. हिंसा कृत, कारित आणि अनुमोदित अशी तीन प्रकारची मानली जाते. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने केली असता मनाने मान्य केलेली. तत्त्वार्थसूत्र या जैन सूत्रग्रंथाच्या सहाव्या अध्यायात हीच मोजणी आणखी पुढे जाते: कृतीचा संकल्प (संरंभ), साधनांची जुळवाजुळव (समारंभ) आणि प्रत्यक्ष प्रारंभ (आरंभ) या तीन पायऱ्या, मन-वाणी-काया ही तीन माध्यमे, कृत-कारित-अनुमोदित हे तीन प्रकार आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय यांचा गुणाकार करून कर्मबंधाला कारण होणारे एकशे आठ आधार सांगितले जातात. वास्तुविशारदाच्या आराखड्यावर गच्चीची रेघ ओढली जाते तेव्हा संरंभ घडतो, दगडाचा आणि लाकडाचा दर विचारला जातो तेव्हा समारंभ सुरू होतो, आणि पहिली फरशी पडण्याच्या कितीतरी आधी घरमालकाच्या खात्यावर नोंद झालेली असते.

आजच्या पर्यावरणशास्त्रातील जीवनचक्र मूल्यमापन, म्हणजे एखाद्या वस्तूचा खाणीपासून कचऱ्यापर्यंतचा सर्व परिणाम मोजण्याची पद्धत, या मोजणीची धाकटी बहीण वाटावी इतकी तिच्या जवळ येते. तीही दुकानदाराच्या दारापाशी थांबायला नकार देते. शहाबादी दगडाचेच उदाहरण घेतले तर तिचे सामर्थ्य दिसते. हा दगड चिरून फरशी म्हणून बसवला तर त्याच्यात बांधलेला कार्बन तसाच राहतो. त्याच पट्ट्यातील चुनखडी सिमेंटच्या भट्टीत गेली तर एक टन क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा भाजलेला कच्चा गोळा, तयार होताना पाऊण टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग इंधनाचा नसून खुद्द दगडातून सुटलेला असतो. दगड तोच, अंतर तेच, फरक अग्नीचा. मात्र या मूल्यमापनाला क्रोध, मान, माया, लोभ यांचा स्तंभ नाही. शेजाऱ्याच्या गच्चीहून आपली गच्ची उजवी दिसावी म्हणून बसवलेला डेक आणि म्हाताऱ्या आईला उन्हात बसता यावे म्हणून बांधलेला ओटा यांच्या आकड्यांत त्याला भेद दिसत नाही. शास्त्राला तो दिसतो.

शास्त्राला जे दिसत नाही, किंवा दिसूनही ज्याकडे त्याने पुरेसे पाहिले नाही, तेही येथे सांगितले पाहिजे. बाराव्या शतकात हेमचंद्राने योगशास्त्रात श्रावकाने टाळावेत असे पंधरा व्यवसाय, म्हणजे कर्मादाने, सांगितले. त्यांत वन तोडून विकण्याचा, जमीन खणण्याचा व दगड फोडण्याचा आणि भट्ट्या पेटवण्याचा व्यवसाय येतो. म्हणजे लाकूड, दगड आणि वीट-सिमेंट यांपैकी घराला लागणाऱ्या कोणत्याही द्रव्याचा उगम या यादीबाहेर राहत नाही. पण घर तर श्रावकालाही लागते. मग लाकूड कोणीतरी दुसऱ्याने तोडायचे आणि दगड कोणीतरी दुसऱ्याने फोडायचा, असा या यादीचा व्यवहारातला अर्थ झाला, आणि सोलापूर परिसरात हा दुसरा बहुतेकदा वडार समाजातील होता. शुद्धी अशी दुसऱ्याच्या हातांवर सोपवता येत असेल तर कारित आणि अनुमोदित या कोटी कागदावरच उरतात. इतिहासात ही यादी अक्षरशः पाळली गेली नाही हे एका अर्थी बरेच झाले. १८८२ साली सोलापुरात दिगंबर जैन कुटुंबात जन्मलेले वालचंद हिराचंद रेल्वेच्या कंत्राटदारीतून पुढे आले आणि भोर घाटातील बोगद्यांसारखी कामे त्यांच्या नावावर आहेत. माती खणणे हे ज्याने स्वतःचे काम मानले त्याला निदान ते दुसऱ्याचे पाप म्हणून नाकारता येत नाही.

बांधकामाखाली गाडल्या जाणाऱ्या माणसाचा विचार सोलापूर जिल्ह्याला परका नाही. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळून संत चोखोबा आणि त्यांच्यासोबतचे मजूर गाडले गेले, ही घटना वारकरी परंपरा शके १२६० मधली, म्हणजे इ.स. १३३८ ची, मानते. एकेंद्रिय शिळेच्या जीवाची काळजी वाहणाऱ्या कोणत्याही शास्त्राला हा प्रसंग समोर ठेवूनच बोलावे लागेल. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की जैन विचारात इंद्रिये वाढतात तशी हिंसेची तीव्रता वाढते, आणि पंचेंद्रिय, मन असलेल्या माणसाचा घात सर्वांत जड मानला जातो. त्यामुळे खाणीतल्या मजुराला तोंडावर बांधायला फडकेही न देता काढलेली 'नैसर्गिक' फरशी शास्त्राच्या स्वतःच्या तराजूतही हलकी ठरत नाही.

याच तराजूने माळवदही तोलावे लागते. माळवद म्हणजे सोलापूर आणि मराठवाड्यातील मातीचे सपाट छत. लाकडी तुळयांवर आडवे वासे, त्यांवर काटक्यांचा आणि पाल्याचा थर, आणि त्यावर चांगली हात-दीड हात पांढरी माती. दर पावसाळ्याआधी वर नवी पांढरी माती पसरून चोपावी लागते. घरातला उन्हाळा ते अडवते, रात्री त्यावर अंथरूण पडते, चैत्र-वैशाखात कुरडया आणि सांडगे वाळतात, आणि घर पडले तर त्यातले जवळजवळ सर्व काही पुन्हा मातीला मिळते. पर्यावरणपूरक असे जे काही म्हणायचे असते ते सगळे माळवदात आहे. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादमधील जी हजारो माणसे मेली, त्यांतील असंख्य जण चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांच्यावरचे हेच जड छत अंगावर येऊन मेले. द्रव्याचा निर्दोषपणा द्रव्यातच शोधणाऱ्याला याचे उत्तर देता येत नाही. माती निर्दोष होती. तिचे वजन, तिच्याखालच्या भिंतींचे अदृढ सांधे आणि झोपलेली माणसे यांचा संबंध निर्दोष नव्हता.

लाकडाच्या बाबतीत अशीच गुंतागुंत वाळवीमुळे निर्माण होते. जैन वर्गीकरणात वाळवी ही मुंगीप्रमाणे त्रींद्रिय, म्हणजे स्पर्श, रस आणि गंध असलेली त्रस जीवजात आहे; तिचा घात झाडाच्या घातापेक्षा जड. आता श्रावकाचाराचे अभ्यासक गृहस्थाची हिंसा चार प्रकारची सांगतात: मारण्याच्याच हेतूने केलेली संकल्पी, स्वयंपाक-झाडलोट-घरबांधणी यांत अटळपणे होणारी आरंभी, शेती-व्यापारात होणारी उद्योगी आणि आक्रमण परतवताना होणारी विरोधी. पहिली सर्वथा वर्ज्य, उरलेल्या तीन मर्यादेत सोडलेल्या. बांधकामाच्या सुरुवातीला पायाच्या मातीत क्लोरपायरिफॉससारखे कीटकनाशक ओतण्याची रूढ प्रथा या चौकटीत कोठे बसवायची? तिला विरोधी म्हणणे कठीण, कारण हल्ला झालेलाच नाही. जो कीटक अजून आला नाही त्याला आधीच मारून ठेवले जाते. तिला आरंभी म्हणायचे तर घात अनवधानाने झालेला असायला हवा, आणि येथे तर घात हेच औषधाचे कार्य आहे. कठोर विचार केला तर ती संकल्पीच्या फार जवळ जाते, हे मान्य करणे भाग आहे, आणि ज्या लाकडी डेकला असे विष दर काही वर्षांनी पुन्हा द्यावे लागते त्याच्यावरचे हिरवे पान तेथेच गळून पडते. अमेरिकेत तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या द्रावणात मुरवलेले लाकूड घरगुती वापरातून २००३ च्या अखेरीस मागे घेतले गेले, ते मुख्यतः माणसाच्या आरोग्यासाठी. वाळवीची बाजू तेथे कोणी मांडली नव्हती.

जुन्या वाड्यांनी या पेचावर जे उत्तर काढले होते ते रसायनाचे नव्हते. वाड्याच्या सोप्यातला सागवानी खांब जमिनीत कधी रोवलेला नसे. तो तळखड्यावर, म्हणजे घडवलेल्या दगडी बैठकीवर, उभा असे, आणि तळखडा उंच दगडी जोत्यावर. लाकूड आणि माती यांच्यामध्ये दगडाचे असे अंतर ठेवले की ओल वर चढत नाही, वाळवीला आडून येण्याचा रस्ता राहत नाही, आणि ती दगडावरून आलीच तर तिचा मातीचा नळ उघड्यावर दिसतो व झाडूने काढता येतो. सागाच्या पक्क्या गाभ्यात वाळवीला न मानवणारी द्रव्ये मुळातच असतात, बाहेरच्या कच्च्या पांढऱ्या लाकडात नसतात, हे सुतारांना ठाऊक होते आणि खांबासाठी गाभाच वापरला जाई. तळखड्यामागे अहिंसेचा विचार होता असा दावा करण्याचे कारण नाही. वाडे बांधणाऱ्यांना खांब टिकवायचा होता. पण जीव मारून जे साधायचे ते रचना बदलून साधता येते याचा तो दगडी पुरावा आहे, आणि असा पुरावा शंभर उपदेशांहून उपयोगी.

वास्तुग्रंथांकडून या प्रश्नात बरीच अपेक्षा केली जाते. ती जपून करावी. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, सहाव्या शतकात, झाड तोडण्याआधी त्याची पूजा करावी आणि त्यावर राहणाऱ्या भूतांना दुसरीकडे निवास करण्याची विनंती करावी असा विधी आहे, आणि तो आज अनेक व्याख्यानांत प्राचीन पर्यावरणभानाचा दाखला म्हणून दिला जातो. परंतु त्याच ग्रंथात वर्ज्य झाडांची यादी पाहिली तर पक्ष्यांची घरटी असलेल्या झाडाबरोबरच वाऱ्याने पडलेले आणि विजेने होरपळलेले झाडही शय्या-आसनांसाठी त्याज्य ठरवलेले दिसते. करुणा हाच निकष असता तर आपोआप पडलेले झाड सर्वांत आधी घ्यायला सांगितले असते. निकष शुभाशुभाचा आहे, घरात येणाऱ्या अनिष्टाच्या भीतीचा आहे. भीतीतून आलेला संकोच झाडाला मात्र करुणेइतकाच उपयोगी पडला असेल, हे वेगळे. वास्तुशांतीचे जे स्पष्टीकरण पुरोहित देतात, की खोदताना, तोडताना, फोडताना झालेल्या जीवघाताचा दोष त्या विधीने निवावा, ते याहून प्रामाणिक वाटते. निदान त्यात दोष झाला हे कबूल केलेले असते. अडचण एवढीच की ती शांती घर पूर्ण झाल्यावर होते, आणि बिल चुकते केल्यानंतरची क्षमायाचना पुढच्या आराखड्यावर फारसा परिणाम करीत नाही.

सोलापूरचे स्वतःचे दैवत या वादात वेगळ्याच बाजूने उतरते. बाराव्या शतकात सोन्नलिगे येथे, म्हणजे आजच्या सोलापुरात, सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तलाव खोदला, मंदिरे उभारली, अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. पंधराव्या शतकातील 'शून्यसंपादने' या कन्नड वीरशैव ग्रंथात या बांधकामाचीच परीक्षा होते: वचनकार संत अल्लमप्रभू तेथे येतात आणि सिद्धरामांना ओड्ड, म्हणजे माती-दगडाचे काम करणारा, असे हिणवून हाक मारतात, चिडलेले कामकरी त्यांच्यावर दगड फेकतात, आणि दीर्घ संवादानंतर सिद्धराम कर्नाटकातील कल्याणची वाट धरतात. अल्लमांचा आक्षेप तलावाच्या उपयोगावर नव्हता. बांधणाऱ्याचे मन आपल्या बांधकामात स्थिरावते, स्थावराला, म्हणजे अचल वस्तूला, चिकटते, हा तो आक्षेप होता. परंतु परंपरेने या वादाचा निकाल कसा दिला ते पाहण्यासारखे आहे: तिने अल्लमांचा उपदेशही जपला आणि तलावही बुजवला नाही. अवर्षणाच्या प्रदेशात पाणी साठवणारी खणाई आणि हौसेची खणाई यांत तिने मुकाट्याने भेद केला.

हाच भेद श्रावकाचाराने स्पष्ट शब्दांत केला आहे, आणि प्रस्तुत विचाराचा गाभा तेथे आहे. पाच अणुव्रतांना, म्हणजे गृहस्थाच्या मर्यादित मूळ व्रतांना, बळ देणाऱ्या गुणव्रतांपैकी एक अनर्थदंडविरती होय. अनर्थदंड म्हणजे ज्यातून काही प्रयोजन साधत नाही अशी हिंसा. समंतभद्राच्या रत्नकरंड श्रावकाचारात तिचे पाच प्रकार आहेत, आणि त्यांतल्या प्रमादचर्येत कारण नसताना जमीन खणणे, पाणी सांडणे, आग पेटवणे, झाडे तोडणे या गोष्टी येतात. या व्रताचे वैशिष्ट्य असे की ते द्रव्य विचारीत नाही, काय तोडले याच्या आधी कशासाठी तोडले ते विचारते. त्याला जोडून भोगोपभोगपरिमाण येते: एकदाच वापरून संपतो तो भोग, पुन्हा पुन्हा वापरला जातो तो उपभोग, आणि दोहोंची मर्यादा आधी ठरवायची. परिग्रहाच्या अणुव्रताचे अतिचार, म्हणजे व्रत न मोडता त्याला लागणारे डाग, सांगताना तत्त्वार्थसूत्र सुरुवातच शेत आणि घर यांचे ठरवलेले माप ओलांडण्यापासून करते. सोन्या-चांदीच्याही आधी वास्तू.

आता हा क्रम सोलापुरातल्या एखाद्या नव्या घराला लावून पाहावा. उघड्या, दक्षिण-पश्चिमेच्या गच्चीवर सहाशे चौरस फूट गडद डब्ल्यूपीसीचा डेक मार्च ते मे या काळात दुपारी अनवाणी पाय टेकू देत नाही; त्यावर सावली हवी म्हणून छत्री किंवा लोखंडी मांडव येतो, मग मांडवाखाली पंखा. फळ्यांतले प्लास्टिक पुनर्वापरातले आहे ही जाहिरात खरी असू शकते, पण भुशात एकजीव झालेले प्लास्टिक पुढे वेगळे काढणे जवळजवळ अशक्य असते, म्हणजे पुनर्वापराची साखळी त्या घरात येऊन संपते. एवढे करून संध्याकाळी बसायला जागा लागते ती चार खुर्च्यांची. उरलेले पाचशे चौरस फूट कोणत्याही द्रव्याचे असोत, प्रमाणित जंगलातल्या सागाचे, बांबूचे किंवा पुनर्वापरातल्या प्लास्टिकचे, ते अनर्थदंडातच मोडतात. एफएससीसारखी प्रमाणपत्रे, जी लाकूड कोणत्या जंगलातून आणि कोणत्या हातांनी आले याची साखळी तपासतात, ती कारित-अनुमोदिताच्या प्रश्नाला चांगले उत्तर देतात. अनर्थाच्या प्रश्नाला ती उत्तर देऊच शकत नाहीत, कारण तो प्रश्न जंगलाविषयी नाही.

परिमाण आधी ठरले की द्रव्याची निवड आश्चर्यकारकरीत्या सोपी होते. बसण्यापुरत्या शंभर चौरस फुटांसाठी पाडलेल्या वाड्यातून निघालेले जुने सागवान सोलापुरात आजही मिळू शकते. त्याच्या तुळयांना खिळ्यांची भोके असतात, काळे डाग असतात, पण त्यासाठी नवा जीव जात नाही आणि गाभा मुरलेला असल्यामुळे विषाची गरज क्वचित पडते. उरलेल्या गच्चीला चुन्याचा पांढरा हात पुरतो, जो ऊन परतवून खालची खोली थंड ठेवतो. ओट्याला आणि अंगणाला शहाबादी, जिचे थर मुळातच सुटे असल्याने तिला फारशी घासाई लागत नाही. आणि अंगणात ती सिमेंटमध्ये न जखडता वाळूवर, सांधे मोकळे ठेवून बसवली तर पावसाचे पाणी जमिनीत उतरते व पुढच्या पिढीला ती उचलून दुसरीकडे नेता येते. बांबूचा मोह पडत असेल तर २०१७ च्या कायदादुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळल्यामुळे तो मिळणे सुकर झाले आहे, मात्र त्यातल्या पिठूळ अंशामुळे त्याला भुंगा लवकर लागतो आणि त्यावर वापरले जाणारे सौम्य बोरॅक्सचे द्रावण पावसात धुऊन जाते. तेव्हा तो आडोशाला, पडवीत वापरावा, उघड्यावर नव्हे.

या सर्व विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येतो, आणि तो शास्त्राच्या आतूनच येतो. दहाव्या शतकाच्या सुमारास अमृतचंद्राने पुरुषार्थसिद्ध्युपायात असे प्रतिपादले की राग-द्वेषाने रहित, सावध माणसाच्या हातून जीव गेला तरी ती हिंसा नव्हे, आणि बेसावध माणसाच्या हातून एकही जीव न गेला तरी ती हिंसाच. हिंसेचे स्थान जर भावात असेल, तर शुद्ध भावाने बसवलेला सहाशे फुटांचा डेकही निर्दोष का नसावा? सधन आणि सुसंस्कृत माणसाला हा युक्तिवाद फार सोयीचा आहे. त्याचे खंडन अमृतचंद्रानेच करून ठेवले आहे: बाह्य वस्तूमुळे हिंसा होत नसली तरी परिणामांच्या, म्हणजे मनातल्या भावांच्या, शुद्धीसाठी हिंसेची घरे असलेल्या वस्तू टाळाव्यात, असे तो लगेच पुढे सांगतो. भाव शुद्ध असल्याचा पुरावा आचरणाच्या मापातच दिसायचा. स्वतःच्या शुद्ध भावाची ग्वाही स्वतः देणे याला कषायांच्या यादीत आधीच एक नाव आहे, मान.

या सावधपणाला, म्हणजे अप्रमादाला, आजच्या बांधकाम-व्यवहारात थेट विरोधी असे एक आश्वासन सर्वत्र दिले जाते: 'देखभालीची गरज नाही.' डब्ल्यूपीसीच्या फळीचे हेच सर्वांत मोठे आकर्षण असते, आणि नोकरी करणाऱ्या दोघांच्या घरात त्याचे आकर्षण वाटावे यात काही गैर नाही. तरी त्याचा अर्थ नीट पाहावा. माळवदाला दर वर्षी मृगाच्या आत पांढरी माती लागे, सागवानाला तेलाचा हात लागे, शहाबादीच्या सांध्यांतले गवत काढावे लागे आणि तळखड्यापाशी वाळवीचा नळ दिसतो का हे कोणीतरी वाकून पाहावे लागे. या वाकून पाहण्यातच घर आणि त्यात वावरणारे इतर जीव यांची ओळख टिकत असे. देखभालमुक्त वस्तू तिच्या मालकाला या सर्वांतून सोडवते आणि वीसेक वर्षांनी, फळ्या फुगल्यावर किंवा विटल्यावर, एकदमच ट्रॉलीभर कचरा त्याच्या दारात उभा करते. मधल्या काळात त्याने एकाही जीवाला मुद्दाम दुखावलेले नसते. शास्त्र तरीही त्याला सावध म्हणणार नाही.

एवढे झाल्यावर उरतो तो झाडूचा प्रश्न, ज्याला स्मृतींनी चूल, जाते, उखळ आणि पाण्याचा घडा यांच्या बरोबरीने गृहस्थाच्या पाच वधस्थानांत, पंचसूनांत, गणले आहे. कोणतीही भुई निवडली तरी ती झाडावी लागते, आणि झाडताना काही ना काही मरते. दिगंबर मुनी त्यासाठी मोरपिसांची पिच्छी वापरतात, गृहस्थाला केरसुणीच परवडते. शंभर फूट झाडणे आणि सहाशे फूट झाडणे यांत मात्र सहापट अंतर आहे, आणि ते रोजचे आहे.